आबांच्या अर्जातली टिंबं

“लाइट गेली. जा आता आबांकडे,” झेरॉक्सवाला गिऱ्हाइकाला म्हणाला.

एरंडोलला तहसील कचेरीबाहेरच्या निंबाखाली आबा टाइपरायटर घेऊन बसत. मशीनला वीज लागत नसे आणि आबांना घाई नसे.

मी तेव्हा एका वकीलबाईंकडे नवी ज्युनियर होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माझ्या मराठी मसुद्यात विनंती कुठे संपते आणि धमकी कुठे सुरू होते, ते कळत नसे. आबा कागद वाचून खाली ठेवत. “ताई, साहेबाला झापायला त्याची बायको शे. आपण विनंती करू.”

या यंत्राचा शोध लागून दीडशे वर्षं झाली, असं मी त्यांना एकदा सांगितलं. त्यांना त्याचं विशेष वाटलं नाही. “माझ्या बापाचा अर्ज कचेरीत अक्षर पाहूनच बाजूला ठेवत. अक्षरावरून शाळा कळे, शाळेवरून वस्ती. टाइप केलं की बठ्ठा सारखा, सगळ्यांचं अक्षर एकच.” एक अक्षर चुकलं तरी ते अख्खा कागद पुन्हा टाइप करत.

मग पार्किंगसाठी निंबाखालची जागा सोडण्याची नोटीस आली. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी अर्ज टाइप केला. मी त्यांच्यासोबत आत गेले, म्हणजे त्यांच्या मागे लपून.

साहेबांनी कागद पाहिला. “अर्जदाराचं नाव?”

नावाच्या जागी टिंबं होती. नाव ज्याचं त्यानं लिहावं, म्हणून आबा ती जागा नेहमी मोकळी सोडत. सवयीनं स्वतःचीही सोडली होती.

शिपाई हसला. “आबा, बठ्ठा गावना अर्ज लिखात, आन सोतानंच नाव इसरी गयात!”

साहेबांनी पेन पुढे केलं. आबांनी घेतलं, टेबलावर वाकले, आणि तसेच राहिले. साहेब त्यांच्या हाताकडे बघत होते. आबांचं हस्ताक्षर मीही तोवर कधी पाहिलं नव्हतं.

“कोण आहे अर्जदार?” साहेबांनी मला विचारलं. आबा समोर असताना.

निंबाखालची जागा आबांकडेच राहिली. आबा मात्र मागच्या वर्षी गेले. मी त्या खोलीत काय बोलले, ते शिपाई अजून लोकांना वाढवून सांगतो. बोलले ते एवढंच: “अर्जदार हे आहेत, साहेब. ते बसून लिहितील. खुर्ची द्या, आणि तोवर तुम्ही जरा खिडकीबाहेर बघा.”