वैशालीच्या नावाची रचना

गेल्या रविवारी लातूरहून नांदेडच्या बसमध्ये बसले, तेव्हा मनात नुसता जळफळाट होता. वरवर मात्र मी मैत्रिणीचं कौतुक करायला निघाले होते...

वैशाली आणि मी एकाच सरांकडे चेलो शिकलो. आता ती नांदेडला, मी लातूरला. लोक दोघींच्याही वाद्याला 'मोठं व्हायोलिन' म्हणतात, तिथपर्यंत बरोबरी होती. मग तिचं वादन ऐकून परदेशातल्या एका संगीतकाराने एकट्या चेलोसाठी नवी रचना लिहिली आणि वर छापलं... 'वैशालीसाठी'.

तिने आनंदाने सगळ्या पानांचे फोटो मला पाठवले. मी टाळ्यांचे इमोजी टाकले आणि दुपारीच ती पानं प्रिंट करून आणली. तालाच्या रेघा नाहीत, मध्येच बाण, एका जागी चेलोच्या पोटावर तळहात आपटायचा... शाळेत शिकवून घरी आले की मी रोज तेच घेऊन बसायचे. तिच्याआधी मला ते वाजवता यायला हवं होतं, बस!

त्या रविवारी तिच्या घरी पोचले, तर नोटेशनच्या स्टँडवर रचना चकाचक चमकत होती. तिच्या वडिलांनी, नानांनी, एकेक पान लॅमिनेट करून आणलं होतं.

"एवढ्या लांबून आलेला कागद हाय. सर्टिफिकेटावाणी जपायला नको? मीच नेलो दुकानात," नाना म्हणाले.

आता त्यावर पेन्सिल उमटेना. कुठलं बोट कुठे, वाजवायचा गज वर की खाली... काहीच लिहून ठेवता येईना. स्केचपेनने लिहिलं तर घामाच्या हाताने पुसलं जायचं आणि ट्यूबलाइटची चमक निम्म्या ओळी खायची. दुसरी प्रत काढली तर नानांना वाईट वाटेल म्हणून ती इतके दिवस तशीच अडखळत होती. खरं सांगते, मला आतून गुदगुल्या झाल्या.

नाना चहाचं बघायला आत गेले, तशी ती रडवेली झाली. "पुढच्या आठवड्यात कार्यक्रम हाय गं. तिसऱ्या पानाच्या पुढं सरकतच न्हाई."

गप्प बसता आलं असतं... पण पिशवीतली माझी पानं मी बाहेर काढली. तिचं कुठे चुकतंय ते बघायलाच नेली होती खरं तर.

तिने पानं उलटली. सगळीकडे पेन्सिलीने लिहिलेले माझ्या बोटांचे आकडे.

"तू हे वाजवून राहिलीस? कधीपासनं?"

मला तिच्याकडे बघवेना. तिने चेलो माझ्याकडे सरकवला. "वाजव."

मी शेवटपर्यंत वाजवलं. तळहात आपटला तेव्हा चहा घेऊन आलेले नाना दचकून दारातच थांबले.

वैशालीने पानांवरच्या माझ्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "लई जळून राहिले मी आत्ता तुझ्यावर."

इतकं गोड कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं. पानं तिथेच ठेवून आले... वर नाव तिचं, खाली आकडे माझे. थँक्यू गं वैशाली. कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणार आहे... थोडीशी जळतच.