रेशमाचं गवत आणि बाबांचा हुक

गेल्या रविवारी सकाळी तबेल्यात रेशमाच्या गवताचा गठ्ठा उघडला आणि तो तसाच टाकून मी पुढचा उघडायला धावले...

आधी रेशमाबद्दल सांगते. पांढरी घोडी, वय बरंच. अर्धं आयुष्य नवरदेव पाठीवर घेऊन बँडच्या आवाजात चाललेली. आता गोरेगाव पूर्वेला, स्टुडिओंच्या मागच्या झाडीत सलीमभाईंचा छोटा तबेला आहे, तिथे ती निवांत राहते. तिचं खाणंपिणं मी बघते. ऑफिसच्या आधी तासभर तिथे जाते... खरं सांगायचं तर दिवसातला तेवढाच तास मी पूर्ण जागी असते, आणि तोच तास स्वप्नासारखा वाटतो. धुकं, शेणाचा ऊबदार वास, आणि त्यातून पुढे येणारं तिचं लांबोडकं तोंड.

रेशमाला खोकला आहे. सुक्या गवतातली धूळ तिच्या छातीत जाते. एकदा ढास लागली की पाय थरथरेपर्यंत खोकते, बघवत नाही. म्हणून डॉक्टरांनी हेलेज सुरू करायला सांगितलं.

हेलेज म्हणजे अर्धवट सुकवलेलं गवत. दाबून गठ्ठे बांधायचे आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचे. आत किंचित आंबतं, ओलसर राहतं, धूळ नाही. वास असा की मलाच खावंसं वाटतं... आंबटगोड, थोडा गुळासारखा. फक्त हवा लागता कामा नये. उघडलेला गठ्ठा आपल्या हवेत दोन-तीन दिवसांत संपवायचा. बुरशी आलेलं गवत घोड्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

दोन आठवड्यांपूर्वी नाशिककडून टेम्पो आला. बाबा पहिल्यांदाच तबेल्यात आले होते, सहज बघायला. पहिले दोन गठ्ठे मी आणि सलीमभाईंनी मिठी मारून कसेबसे उतरवले. बाबा हसायला लागले. पिशवीतून त्यांनी कापडात गुंडाळलेला हुक काढला... लाकडी मुठीचा, ते मिलच्या गोडाऊनमध्ये कापडाच्या गाठी उचलायचे तेव्हाचा. टेम्पोतून गठ्ठे उतरवायचे आहेत हे ऐकून घरातून निघतानाच घेतला असणार.

"गाठ हातान उचलूची नसता गो बाय, हुकान उचलूची," म्हणाले आणि टेम्पोत चढले.

मिल बंद झाल्यापासून तो हुक माळ्यावर पडून होता. बाबांनी नंतर वॉचमनची नोकरी केली, दुकानात काम केलं, पण असे खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एक झटका, गठ्ठा कडेला, दुसरा झटका, गठ्ठा खाली. मी व्हिडिओ काढत बसले. माझ्या डोक्यात एका क्षणालाही आलं नाही की आपण काय बघतोय...

पहिले दोन गठ्ठे उत्तम निघाले. रेशमा मान खाली घालून डुलत डुलत खायची. खोकला जवळजवळ थांबला होता.

आणि मग हा रविवार. तिसरा गठ्ठा उघडला तर बंद कपाटासारखा कुबट वास. आत पांढऱ्या बुरशीचा पंखा पसरलेला. चौथा तसाच. पाचवाही... सलीमभाई म्हणाले, "ताई, उंदराचं काम दिसतंय. खराब काढून बाकीचं देऊ या का?" मी नाही म्हटलं. बुरशी दिसते तेवढीच असते असं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. रेशमा दारातून मान काढून वाट बघत होती.

मग मला ती भोकं दिसली. प्रत्येक गठ्ठ्याला एक, त्याच उंचीवर, त्याच मापाचं.

नेमके तेव्हाच बाबा थर्मासमधून चहा घेऊन आले. मी पटकन म्हटलं, "उंदीर लागले हो." खोटं बोलताना माझा आवाज नेहमीच बारीक होतो...

बाबांनी चहा खाली ठेवला. एका भोकात बोट घातलं, मग दुसऱ्यात. "उंदीर असा एका मापान खायत नाय," म्हणाले. "ही भोकां माझ्या हुकाची." आणि उलट्या बादलीवर बसून राहिले. सगळे गठ्ठे फेकावे लागले. रेशमाला भिजवलेलं सुकं गवत दिलं. तरी ती खोकली, आणि प्रत्येक खोकल्याला बाबांची मान खाली जात होती.

वाटलं, आता ते परत यायचे नाहीत.

बुधवारी नवा टेम्पो आला तेव्हा बाबा माझ्या आधी हजर. हातात आईची जुनी सुती साडी, दुहेरी शिवलेली. एक टोक त्यांच्याकडे, एक सलीमभाईंकडे, मध्ये गठ्ठा. बाळाच्या झोळीसारखे हलत हलत सगळे गठ्ठे सावलीत गेले. मग बाबांनी चष्मा लावला, प्रत्येकावर तळहात फिरवला, दोन ठिकाणी प्लास्टिक जरासं खरचटलं होतं तिथे टेप लावली. वास घेऊन बघितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगला आसा."

काल सकाळी मी जरा उशिरा पोचले. रेशमा खात होती, डोळे अर्धे मिटलेले. मी बराच वेळ कान देऊन उभी राहिले... चघळण्याचा संथ आवाज, एवढंच. खोकला नाही.

तिच्या शेजारच्या खांबाला बाबांनी सुतळीने काहीतरी आवळून बांधलं होतं. जवळ जाऊन बघितलं तर तोच हुक, टोकाला कापड गुंडाळलेलं, आणि त्याला रेशमाचा लगाम अडकवलेला.

इतकी वर्षं माळ्यावर होता बिचारा... आता रोज कामावर असतो. बाबाही.