साडेतेराचा अ‍ॅव्हरेज : इंगोलश्टाट ते कायझर्सलाउटर्न

फिरायला म्हणून मी निघालो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. रस्ता छान आहे, खाली सगळं लिहिलंय, कुणाला जायचं असेल तर जरूर जा. पण मी निघालो ते माझी पिकअप एवढं डिझेल का पिते ते बघायला. आणि त्यात मिलिंददादांचा काही दोष नाही, हे स्वतःला पटवायला.

मी इंगोलश्टाटला एका इंडियन रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आहे. शिक्षण नववी, तीही अर्धी. जालन्याहून पुणे, पुण्याहून इथे. एका जागी बूड टिकत नाही, म्हणून ही जुनी पिकअप घेतली. मागे टप आहे, गादी टाकली की झोपता येतं. गाडी मिलिंददादांची. दादा वर्ध्याचे, गाड्यांच्या इंजिनांवर संशोधन करणारे. पहिल्या हिवाळ्यात माझ्या अंगावर जे जॅकेट होतं ते त्यांचं. व्हिसाच्या ऑफिसात माझ्या वतीने जर्मन बोलायला तेच उभे राहिले. नवीन नोकरी लागून ते कायझर्सलाउटर्नला निघाले, तेव्हा गाडी मला विकून गेले.

इथे गाडी विकताना काय काय बिघडलंय ते लिहून द्यायची पद्धत आहे. दादा म्हणाले, "आपल्यात कशाला ते?" मलाही बरंच वाटलं. परक्या मुलखात कुणीतरी आपल्याला 'आपल्यात' धरतंय.

डॅशबोर्डवर १३.५ दिसायचं. मी हवेत. जालन्यात मामाची पिकअप लिटरला दहा द्यायची, तर तो गल्लीभर सांगत फिरायचा. दादांना फोन लावून म्हटलं, "दादा, साडेतेराचा अ‍ॅव्हरेज देतेय." ते म्हणाले, "मस्त रे. जपून चालव."

डिझेल मात्र कुठे जायचं कळत नव्हतं. मला वाटायचं टाकी लहान असेल. मग एकदा आमच्या किचनमधला केमाल कांदे आणायला बरोबर बसला. त्याने आकडा बघितला आणि म्हणाला, "ब्रुडर, ही एवढं देत नाही, एवढं पिते. शंभर किलोमीटरला साडेतेरा लिटर."

म्हणजे लिटरला सात-साडेसात. इथे उलटं मोजतात, हे इतक्या महिन्यांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

"कुणी विकली?" केमालने विचारलं.

"भावाने."

"सख्ख्या?"

"तसाच."

"मग गाडी ठेव, भाऊ बदल," तो म्हणाला आणि कांद्याची गोणी उचलायला उतरला.

ते डोक्यातून जाईना. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम कायझर्सलाउटर्नला होता आणि दीपावहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, आग्रहाने बोलावलं होतं. सुट्टी घेतली. निघण्याआधी एअर फिल्टर बदलला, टायरमध्ये हवा भरली, मागचं भंगार उतरवलं. मीटर शून्यावर केलं. चूक माझीच निघू दे, असं मनात म्हणत होतो. फिल्टर असू दे, हवा असू दे, माझा जड पाय असू दे.

पहिला दिवस

इंगोलश्टाटहून आउग्सबुर्गपर्यंत मी मुद्दाम साध्या रस्त्याने गेलो. बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या वेलींचे उंच खांब, वेल कापून नेलेले, नुसत्या तारा लटकत होत्या. पुढे आठ नंबरचा ऑटोबान, म्हणजे इथला एक्स्प्रेसवे, धरून उल्म. एक सांगतो, ऑटोबानवरच्या पंपावर डिझेल घेऊ नका. खाली उतरून दोन मिनिटांवरच्या गावात घ्या, बराच फरक पडतो. आणि तिथल्या टॉयलेटला पैसे पडतात, त्यापेक्षा साध्या पार्किंगवर थांबा. डबा घरून घ्या. माझ्याकडे पोळी आणि बटाट्याची भाजी होती.

उल्मच्या पुढे घाट लागतो. उतारावर मी आपल्याकडच्या ट्रकवाल्यांसारखी गाडी न्यूट्रलला टाकली. खाली आल्यावर जळका वास आला. पुढे कुणाचा तरी ट्रक असेल म्हणून काच वर केली.

मुक्काम ब्योब्लिंगेनला, सुशांतकडे. हा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, पण गाड्यांचं वेड. आमच्या हॉटेलात जेवायला आला असताना ओळख झाली. त्याने गाडीला यंत्र जोडून लॅपटॉपवर तासभर बघितलं. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली.

"इंजिन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "उतारावर काय करतोस?"

"न्यूट्रल."

"येडा आहेस का? गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर ही गाडी डिझेल घेतच नाही. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पीत राहते. वर सगळा भार ब्रेकवर."

मी हसलो. त्याला वाटलं मी लाजलो. मला खरंच आनंद झाला होता. निघाली, चूक माझी निघाली.

"एवढ्याने फार तर अर्धा लिटर वाचेल," सुशांत म्हणाला, "बाकीचं कुठे जातंय ते उद्या बघ. मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक जवळजवळ न लावता, आपोआप थांबू दे. उतर आणि चारही चाकांजवळ हात ने. लावू नकोस, पोळशील."

दुसरा दिवस

कार्ल्सरुहेला ऱ्हाइन ओलांडली की मुलूख बदलतो. डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षांचे मळे, पानं पिवळी-लाल. या दिवसांत गावोगाव ताजी, नुकती आंबू लागलेली वाइन विकतात आणि बरोबर कांद्याचा केक. फार महाग नाही, पण गाडी चालवणाऱ्याने लांब राहावं. नॉयश्टाटच्या अलीकडे मळ्यातल्या एका सपाट रस्त्यावर पाय काढून घेतला. गाडी जरा जास्तच लवकर थांबली. उतरलो, हात नेला. मागची दोन्ही चाकं गार. पुढचं डावं कोमट. पुढच्या उजव्याची धग हात नेण्याआधीच लागली. तोच कालचा वास.

ब्रेक धरत होता. गरम झाला की सुटतच नव्हता. चाळीस-पन्नास मीटरवर एक म्हातारी द्राक्षं तोडत होती. मी चाकापाशी उकिडवा बसलेला बघून तिने "आलेस गूट?", म्हणजे सगळं ठीक ना, असं विचारलं. मी "जा, जा", म्हणजे हो हो, म्हटलं.

तिथून कायझर्सलाउटर्नपर्यंत रस्ता जंगलातून जातो. लोक लांबून तो बघायला येतात. मला त्यातलं फार आठवत नाही. मी हिशेब लावत होतो की ब्रेक काल-परवा बिघडला असेल. दादांना कुठून माहीत असणार?

दादांच्या घरी

"जय भीम, ये ये. अहो, सिद्धू आला," वहिनींनी आत हाक दिली. मुलीला म्हणाल्या, "काकाला पाणी दे गं." ती फोनमधून मान न काढता "मोमेंट" म्हणाली. दादांनी खांद्यावर हात टाकला. ताट वाढलं. वांग्याची भाजी, वरण, भाकरी.

"गाडी काय म्हणते?" वहिनींनी विचारलं.

"पुढचा ब्रेक धरतोय, वहिनी. डिझेल त्यातच जातंय."

"अजून तोच ब्रेक? तो करून नाही घेतलास होय रे?" त्या दुसरी भाकरी वाढत म्हणाल्या. "यांचा स्वभाव बघ ना. तुझ्याआधी एक जर्मन आला होता गाडी बघायला. यांनी स्वतःहून त्याला सांगितलं, उजवा ब्रेक धरतो म्हणून. मी म्हटलं, अहो, कशाला सांगता, तो घ्यायचा नाही. आणि नाहीच घेतली. पण यांना खोटेपणा जमतच नाही."

त्या अभिमानाने बोलत होत्या. मला सांगितलं असणारच, असं त्या धरून चालल्या होत्या.

दादा वरण कालवत राहिले. मग म्हणाले, "त्याला लिहून द्यावं लागतं, सिद्धू. उद्या वकील घेऊन आला असता."

"आणि मला?"

"तू समजून घेशील ना."

"मी साडेतेरा म्हणालो, तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

त्यांनी वर बघितलं. "अरे, तू इतका खूश होतास."

वहिनींचा हात भाकरीच्या टोपलीवर थांबला. मग त्यांनी न विचारताच माझ्या ताटात भाजी वाढली. मी ती संपवली.

संध्याकाळी कार्यक्रम झाला. हॉल स्टेशनपासून चालत जाण्यासारखा आहे, पार्किंग आवारातच, पोरं बुद्धवंदना स्पष्ट म्हणतात. दादा बोलायला उभे राहिले आणि फार चांगलं बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. ग्रुप फोटोत त्यांनी मला ओढून शेजारी घेतलं. फोटोत आम्ही दोघंही हसतोय.

परत

येताना सरळ आलो, कुठे थांबलो नाही. केमालच्या ओळखीच्या गॅरेजात ब्रेकचा तो भाग बदलला. आता मीटरवर दहाच्या आत आकडा दिसतो. गाडी म्हणाल तर उत्तम आहे. तुमच्याकडेही जुनी गाडी जास्त पीत असेल तर टायर, फिल्टर, सेन्सर बघाच, पण त्याआधी चाकांजवळ हात न्या. फुकटात होतं.

दादांनी मला फसवलं, असं नुसतं म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. पण त्या जॅकेटची ऊबही खरी होती. परक्याला त्यांनी खरं सांगितलं, कारण त्याची भीती होती. माझी नव्हती. 'आपल्यात'चा अर्थ एवढाच निघाला.

निघताना वहिनींनी भाकरी आणि ठेच्याचा स्टीलचा डबा दिला होता. झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. आपल्याकडे असा डबा कुणी रिकामा परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी तर स्वयंपाकी माणूस, दिवसभर दुसऱ्यांचे डबे भरतो. कितीतरी दिवस तो ओट्यावर होता. शेवटी धुतला, कोरडा पुसला, झाकण घट्ट लावलं आणि पोस्टाने पाठवून दिला. आत काही घातलं नाही. वहिनींनी उघडल्यावर त्यांना काय वाटेल ते मला ठाऊक होतं, आणि त्यांचा काही दोष नव्हता हेही.