सेनाइदाचा पायगुण आणि नंबर वीस

मेक्सिकोतल्या सान बार्तोलो गावात फिदेन्सिओ येस्कास यांना आडनावाने कोणी ओळखत नसे. ‘तारवाले तिओ’, म्हणजे तारवाले काका, म्हटलं की लहानथोर सगळे त्यांच्या दाराकडे बोट दाखवत. चोवीस वर्षं त्यांनी डोंगराखालच्या तारघरात काढली. तारघर बंद झालं, तेव्हा यंत्र परत करताना ते पुसून, तेल घालून दिलं. पुढची वीस वर्षं मका आणि मधमाश्या. मग एकसष्टाव्या वर्षी गावसभेने गावच्या रेडिओचा संगणक त्यांच्या गळ्यात घातला. बिनपगारी काम, आणि सभेने नेमलं की नाही म्हणायची सोय नाही.

“मला यातलं ओ की ठो कळत नाही,” तिओ म्हणाले.

“आम्हाला तरी कुठे कळतं?” असं म्हणून सभेने हात वर केले.

तिओ वाहाका शहरात बारा दिवस शिकायला गेले. नातवंडांच्या वयाच्या पोरांत बसून त्यांनी लिनक्सच्या आज्ञा वहीत उतरवून घेतल्या, तारेच्या फॉर्मवर लिहायचे तशा, एकेक अक्षर सुटं. परत आल्यावर सगळं मार्गी लावलं. ग्रामकचेरीच्या माडीवर लॅपटॉप, समोरच्या टेकडीवर अँटेना आणि तिच्याखाली एक डबा. तो डबा वायफायवरून लॅपटॉपमधला आवाज ओढून घ्यायचा आणि गावभर पसरायचा. लॅपटॉपला तो ओळखायचा फक्त आकड्यांच्या एका पत्त्याने, ज्याच्या शेवटी वीस होते. म्हणून तिओंनी तो पत्ता लॅपटॉपमध्ये खिळा मारल्यासारखा पक्का करून ठेवला होता. सात वर्षं काही बिघडलं नाही.

मग एप्रिलात वीज पडून जुना राउटर जळला. शहरातून नवा आणला, आणि तेव्हापासून रेडिओ मध्येच मुका व्हायला लागला. तेही केव्हा? मंगळवारी आणि शनिवारी, दुपारी चारला. सेनाइदा आल्याबरोबर.

सेनाइदा मार्तिनेस पावाची भट्टी चालवायची. नवरा तिकडे उत्तरेत कामाला गेला आणि तिथेच वारला. लॉस एंजेलिसला गेलेल्यांचे निरोप ती गावच्या सापोतेक भाषेत रेडिओवर वाचून दाखवायची. कोणाला नातू झाला, कोणाचा गुडघा बरा झाला. म्हाताऱ्या त्या वेळेला चुलीपुढचं काम सोडून रेडिओजवळ बसायच्या.

“कोम्पाद्रे, तिचा पायच पांढरा,” रेडिओ समितीचे अध्यक्ष क्रिसोफोरो म्हणाले. तिओ त्यांच्या मुलीचे धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना कोम्पाद्रे म्हणायचे आणि दोघांत आडपडदा नव्हता. “आधी नवरा खाल्ला, आता रेडिओ खातेय.”

“कोम्पाद्रे, यंत्राला विधवा कळत नाही.”

“मग सांगा ना काय झालंय!”

तिथेच तर घोडं अडलं होतं. तिओंनी पत्त्याची फाइल आकडा न् आकडा बोट ठेवून तपासली. बरोबर. वायफायचं कार्ड बंद करून चालू केलं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मग त्यांच्या लक्षात आलं की लॅपटॉपमध्ये दोन कारभारी आहेत, दोन वेगवेगळे प्रोग्राम एकाच वायफायवर हुकूम चालवतायत. त्यातल्या एकाला त्यांनी घरी बसवलं आणि खूश होऊन बायकोला, ओतिलियाला, सांगितलं, “सापडलं!” मंगळवारी सेनाइदा जिना चढून आली आणि रेडिओ गप्प. शेवटी चिडून त्यांनी लॅपटॉपला सांगितलं, राउटर देईल तो पत्ता घे. लॅपटॉप सुतासारखा सरळ चालू लागला, पण टेकडीवरचा डबा जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसला, आणि दिवसभर रेडिओ बंद. तिओंनी मुकाट्याने वीस नंबर परत लावला.

समितीने सेनाइदाला यायला बंदी केली. दोन आठवडे रेडिओ ठणठणीत चालला. झालं! गावाला आणखी काय पाहिजे? तिच्याकडचा पाव घेणंही काहींनी सोडलं. एका बारशाचं आमंत्रण तिला आलं आणि परत घेतलं गेलं.

त्याच आठवड्यात तिओ पोळ्यातला मध काढत होते आणि त्यांना तारघरातली एक सकाळ आठवली. एका लाइनवर दोन ठाण्यांना चुकून एकच खूण दिली गेली होती. हाक एकाला, उत्तर दोघांचं, आणि तारेवर नुसती खिचडी. तिओ धुराचा डबा तिथेच टाकून उठले आणि तडक सेनाइदाच्या भट्टीवर गेले.

“शनिवारी चारला ये.”

तिने पिठाचे हात पुसलेसुद्धा नाहीत. “कशाला? अजून पुरावा कमी पडतोय का गावाला?”

“तू आल्याशिवाय बिघाड दिसत नाही गं.”

“म्हणजे बिघाड मीच.”

“तसं नाही. म्हणजे...” तिओ चाचरले. “पोरी, माझा अंदाज चुकला तर तुझी आणखी शोभा होईल, हे मला कळतंय. पण तू आली नाहीस तर हे तुला जन्मभर चिकटेल.”

तिने पुढचा गोळा वळायला घेतला. “आणि तुम्हाला काय वाटतं, तिओ? खरं सांगा.”

तिओ खरं बोलले. “एका मंगळवारी मीही मनात म्हणालो होतो, आज ही न आली तर बरं. लाज वाटते मला त्याची.”

शनिवारी ती आली. केस विंचरलेले, मान ताठ. माडीवर समितीची माणसं भिंतीला टेकून उभी होती. ती दारात आली, बाकावर बसली, आणि मिनिटाभरात बँडचं चालू गाणं अर्ध्यावर तुटलं. क्रिसोफोरोंनी छातीवर क्रूसाची खूण केली.

तिओंनी दुसरा एक जुना संगणक आणून ठेवला होता. त्याच्यावर त्यांनी वहीत बघून एक ओळ लिहिली. तिचा अर्थ एवढाच, की वीस नंबर कोण आहे, हजेरी द्या.

दोन उत्तरं आली. त्याच नंबरची, पण यंत्रं दोन. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून मिळालेली खूण असते. एक खूण लॅपटॉपची, दुसरी परकी.

“सेनाइदा, तुझ्याकडे फोन आहे?”

“आहे. लेकीने एप्रिलात पाठवलाय. निरोप त्याच्यावरच येतात, इथल्या वायफायवरून.”

“बंद कर बघू.”

तिने केला. जरा वेळाने गाणं सुरू झालं. तिओंनी पुन्हा चालू करायला सांगितलं. गाणं गेलं. तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये पत्ता बघितला तर शेवटी ठसठशीत वीस.

जुना राउटर आलेल्या फोनांना शंभराच्या पुढचे नंबर वाटायचा. नवा दहापासून वाटत होता, आणि सेनाइदाला त्याने वीस दिला होता. एकदा दिलेला नंबर लक्षात ठेवून दर वेळी तिला तोच द्यायचा. तिओंनी राउटरला सांगितलं, वाटायचं ते शंभरापासून, त्याखाली हात लावायचा नाही. राउटर बंद करून चालू केला. सेनाइदाच्या फोनला एकशे चार मिळाला. बँड वाजतच राहिला.

“म्हणजे एवढंच?” क्रिसोफोरो म्हणाले.

“एवढंच?” सेनाइदा उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, पण भिंतीला टेकलेली माणसं सरळ झाली. “माझ्या भट्टीवरनं लोक तोंड फिरवून गेले. बारशाला बोलावून नको म्हणाले. आणि तुम्ही म्हणताय एवढंच?”

तिने माइक क्रिसोफोरोंपुढे सरकवला. “माफी माझ्या कानात नको. तिथे बोला, सगळे ऐकतायत.”

क्रिसोफोरोंनी तिओंकडे बघितलं. तिओ वायर गुंडाळण्यात गढले होते, मदत करायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. मग अध्यक्षांनी टोपी काढली, माइकला तोंड लावलं, आणि घसा तीनदा साफ करून गावाला सांगितलं की चूक राउटरच्या नंबरांची होती, आणि सेनाइदाबद्दल जे बोललं गेलं ते खोटं होतं, आणि सगळ्यात जास्त ते स्वतः बोलले होते.

सेनाइदा खाली बसली. दोन आठवड्यांचे सतरा निरोप साचले होते. तिने फोन हातात घेतला आणि सापोतेकमध्ये पहिला वाचायला घेतला. तिसऱ्या निरोपाला तेवढी एकदा थांबली, पाणी प्यायली, पुढे वाचलं.

जाताना ती तिओंजवळ आली. “ती ओळ मला लिहून द्या. हजेरीची.”

“तू काय करणार?”

“पुढच्या वेळी कोणी कोणाला पांढऱ्या पायाची म्हणालं, तर आधी मी यंत्रालाच विचारीन.”

तिओंनी वहीचं पान फाडलं आणि तिच्यासाठी ती ओळ लिहायला बसले, एकेक अक्षर सुटं.