उकळीतली वेलची

सोलापुरातल्या आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला हुग्गी करायला मैंदर्गीहून एक आचारीण आली होती. तिचं नाव मी विचारलंच नाही. सगळे तिला अक्का म्हणत होते. खपली गव्हाची हुग्गी गुळात रटरटत होती आणि ती निवांत वेलदोडे सोलत बसली होती. एकेक वेलदोडा कानाशी धरून हलवायची आणि आत दाणे वाजले की बाजूला टाकायची. वाजला म्हणजे जुना.

मला घाई. मिक्सरमधली वेलचीपूड मी सरळ उकळत्या पातेल्यात ओतली. घमघमाट सुटला.

"उकळीत घातलेली वेलची शेजाऱ्याची," ती म्हणाली. "आपली पातेलं उतरवल्यावर घालायची."

पदराच्या गाठीतून तिनं सोललेले दाणे काढले. "दर घरात कोणतरी घालतंयच की. म्हणून हे ठिवते."

तेवढ्यात शेजारीण खिडकीत आली, मला बघून आत गेली.

"त्येंना बोलावलं न्हाय?"

कंपाउंडच्या भिंतीवरून झालेलं भांडण मी सांगितलं. नैवेद्य झाल्यावर अक्कानं एक वाटी भरली, वर तूप सोडलं आणि माझ्या हातात दिली.

"वास तर गेला तिकडं. आता हुग्गी बी जाऊ द्या."

पंगतीच्या आधी ती वाटी मी भिंतीवरून दिली. शेजारणीनं दोन्ही हातांनी घेतली.

आता मी वेलची शेवटीच घालते. चिमूटभर मात्र मुद्दाम उकळीत टाकते.