पाळण्याच्या कडीखालून गेलेली तार

फ्यूजची नवी पेटी बसवली म्हणजे घरातली सगळी वीज नवी झाली, असे मानणाऱ्या माणसाला सरकार कोणत्या आधारावर परवाना देते, हा प्रश्न मी वीजकचेरीला लेखी विचारला होता. उत्तर आले नाही. निजामी अंमल संपून हैदराबाद राज्यात नवे सरकार बसले होते. उत्तर न देण्याची पद्धत मात्र जुनीच राहिली होती.

थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी बीदरला आमच्याकडे आली होती. नातीच्या बारशाला तिच्या सासरची मंडळी मंठाळहून यायची होती. त्यांच्या गावात वीज नव्हती, म्हणून बारसे विजेच्या दिव्याखाली करायचे, ही माझ्या पत्नीची हौस. परंतु फ्यूजच्या जुन्या लाकडी पेटीचे झाकण आतून काळे पडले होते. मी परवानाधारक ठेकेदाराला बोलावले. त्याने पेटी उघडली तेव्हा आत फ्यूजच्या बारीक तारेऐवजी तांब्याची जाड तार पिळून बसवलेली निघाली. घरात कुठे बिघाड झाला तर फ्यूजची तार आधी वितळावी आणि घर वाचावे, एवढ्यासाठीच ती असते. ही तार घर जळून गेल्यावरही शाबूत राहिली असती.

"आतल्या तारा तपासल्याशिवाय नवी पेटी जोडायची नाही," मी बजावले.

"इतकी वर्सं दिवा लागला का न्हाई, मालक? मंग तारंला काय धाड भरलीय?" असे म्हणून त्याने पेटी जोडली, दिवा लावून दाखवला आणि तो निघून गेला.

बारशाच्या आदल्या दिवशी पाळणा टांगला. आमच्या घरात पहिल्या लेकराचा पाळणा मधल्या खोलीच्या तुळईलाच टांगतात आणि आम्हा लिंगायतांचे स्वामी तिथेच लेकराच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. तुळईला त्यासाठी दोन लोखंडी कड्या आहेत. घरात वीज आल्यापासून त्या कड्यांना पाळणा लागला नव्हता. मुलीने रिकामा पाळणा हलवून पाहिला आणि दिवा गेला. ठेकेदार आला, त्याने फ्यूज बदलला. पुन्हा हलवला, पुन्हा गेला.

"अप्पा, पाळणा हालला की दिवा जायलाय," मुलगी म्हणाली.

पत्नीने तोंडाला पदर लावला. "इहीणबाईंच्या म्होरं असं झालं तर? पोरीच्या पायगुणावर जाईल सगळं!"

"नवी तार लई बारीक हाय, दुसरं काय न्हाई," ठेकेदार म्हणाला आणि त्याने खिशातून तीच जुनी जाड तार काढली. "ही घालतो. मंग बघा कसा जातोय ते."

मी त्याचा हात धरला. मुख्य खटका बंद करवला आणि स्टुलावर चढलो. पूर्वी ज्याने तारा ओढल्या, त्याने वळसा वाचवण्यासाठी दोन्ही तारा एका कडीच्या खालूनच नेल्या होत्या. कडी घासताच त्यांच्यावरचे जुने, ठिसूळ रबर निघून गेले होते आणि आतले तांबे चकाकत होते. कडी हलली की दोन्ही तारा तिला भिडत आणि फ्यूज जाई. त्याच कडीला पाळण्याची लोखंडी साखळी होती. उद्या नातीने ती साखळी मुठीत धरली असती.

"हे पाहिलेत?"

"मंग पाळणा भायेरच्या सोप्यात टांगा की."

"पहिल्या लेकराचा पाळणा सोप्यात?" पत्नी कडाडली. "कुणी ऐकलंय का असलं?"

"पाळणा इथेच राहील. तार निघेल."

"उद्याच्या आत नवी तार ओढून व्हायची न्हाई. जाड तार घाला, न्हाई तर अंधारात बसा, वकीलसाहेब!"

मी वकील नव्हतो, हे त्याला ठाऊक होते. "अंधारात बसू," मी म्हणालो. तुळईवरची तार माझ्यादेखत उपटून काढायला लावली. घरातल्या बाकीच्या तारांचाही आता भरवसा नव्हता, म्हणून पेटीतले सगळे फ्यूज काढून माझ्या पेटाऱ्यात ठेवले. पत्नी पाय आपटत कंदील पुसायला गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंदील पाहून विहीणबाई दारातच थबकल्या. "अगं बया! बिजली बघाया एवढ्या लांब आलो, आन् हितं बी आमच्याच घरचा कंदील?" बायका खळखळून हसल्या. मुलीने मान खाली घातली.

"वीज आहे. तुमच्या नातीसाठी मी ती बंद ठेवली आहे."

"व्हय व्हय, सांगाया काय जातंय, इवाईबुवा!"

स्वामींनी नातीला लिंग बांधले. बायकांनी पाळण्याला चांगला जोराचा झोका दिला. नातीचा हात साखळीला लागला, तिने ती घट्ट धरली, आणि तशीच झोपी गेली.

पंगतीत तो ठेकेदारही होता. पत्नीने बोलावले होते. हात धुताना त्याने विचारले, "मालक, नवी तार कधी ओढायची?"

"तुमच्या हातून कधीच नाही," मी म्हणालो. "पोट भरले असेल तर निघा. मला तुमची तक्रार लिहायची आहे."