तळ्यावरची तालीम

ल्यूकन या आयरिश गावातल्या आमच्या घरी कुणी जेवायला आलं की वरणभात होईस्तोवर ऑफिसच्या गप्पा चालतात. ताकाचे ग्लास आले की कुणीतरी म्हणतंच, "मिल्या, तो बोटीतला सांग ना." कुठला बोटीतला, हे सांगायची तसदी कुणी घेत नाही. सुधीर आणि मी दर ऑक्टोबरात एक दिवस कॅव्हनकडच्या एका तळ्यावर बोट घेऊन पाइक पकडायला जातो. मासे सगळे परत पाण्यात जातात, किस्से तेवढे घरी येतात. मग ते साठणारच की!

सुधीर वेंगुर्ल्याचा. बायको मंजिरीसोबत इथे जवळच ओंगारला राहतो, एका मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत क्वालिटी बघतो. मी सांगलीचा, कॉम्प्युटरवाला आणि जन्माचा शाकाहारी. बोटीत माझं काम काय, असं माझी बायको दरवर्षी विचारते. मी म्हणतो, गप्पा मारणं. ते तू घरी का करत नाहीस, असं ती विचारते. इथे विषय संपतो.

* * *

पहिल्या वर्षीची गोष्ट. पाइक म्हणजे इथल्या तळ्यांतला दांडगा मासा. लांबोडका, हिरवट, आणि तोंडात दातच दात. सुधीरने तासभर झुंजून एक चांगला हातभर लांब पाइक बोटीत घेतला. त्याच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे बघितलं, ते त्याच्या प्रमोशनच्या दिवशीही बघितलं नव्हतं. फोटो काढला आणि तो पिशवी शोधायला लागला.

बोटीचा मालक डेक्लन पहिल्या दिवशी शिकवायला म्हणून सोबत आला होता. तो शांतपणे म्हणाला, "आता त्याला सोडा."

"सोडा म्हणजे?"

"म्हणजे पाण्यात."

मोठा पाइक परत सोडायचा, असा इथला नियम. सुधीरने माझ्याकडे असं बघितलं की जणू नियम मीच केलाय. शेवटी सोडला बिचाऱ्याने. संध्याकाळी त्याने आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला. आई खूश झाली, म्हणाली, "आता त्याचा काय करतलंस?" सुधीर म्हणाला, "सोडला."

स्क्रीनवर आईचं चित्र थिजलं. आम्हाला वाटलं, नेटवर्क गेलं. मग आवाज आला, "खुळो झालंस काय रे? मंजिरीक फोन दी."

* * *

त्याहून मोठा धक्का पुढे होता. पाइक पकडायला आमिष म्हणून इथे काय लावतात? बांगडा! अख्खा, ताजा, तुकतुकीत बांगडा. सुधीरला हे पचेना. "म्हणजे बांगडा पाण्यात टाकायचा, त्यावर पाइक धरायचा, आणि मग पाइकपण पाण्यात टाकायचा? घरी काय न्यायचं मग? सर्दी?"

पण नाद वाईट. पुढच्या वर्षी त्याने आदल्या दिवशी बांगडे आणून फ्रीजमध्ये डब्यात ठेवले. मंजिरीवहिनींनी रात्री डबा उघडला. बांगडे बघून त्यांनी कुठलीही शहाणी मालवणी सून करील तेच केलं. साफ केले, चिरा दिल्या, हळद, तिखट, मसाला, कोकमाचं आगळ, सगळं चोळून डबा परत आत ठेवला.

सकाळी तळ्याच्या मध्यावर डबा उघडला तर लालभडक बांगडे. सुधीरचं तोंड बघण्यासारखं झालं. परत जावं तर दीड-दोन तासांचा रस्ता. म्हणाला, "लावतो हाच. फार तर काय, येणार नाहीत."

त्या दिवशी जितके पाइक आले तितके त्याआधी नाहीत आणि नंतरही नाहीत. डेक्लनने किनाऱ्यावर उरलेला बांगडा हातात घेतला, वास घेतला, आणि हळूच विचारलं, "हे कुठल्या दुकानात मिळतं?" तेव्हापासून वहिनी दर ऑक्टोबरात त्याच्यासाठी मसाल्याची एक बरणी पाठवतात. तो ती आमिषाला लावतो की स्वतः खातो, हे आम्ही विचारलेलं नाही.

* * *

डेक्लनच्या तोंडी हवामानाला एकच शब्द आहे: ग्रँड. धुकं असलं तरी ग्रँड, वारा असला तरी ग्रँड. एकदा पाऊस आडवा येत होता, माझ्या चष्म्याला आतूनही पाणी होतं. मी विचारलं, "आज जाणं सेफ आहे का?" तो आभाळाकडे बघून म्हणाला, "सॉफ्ट डे आहे. ग्रँड." सॉफ्ट डे म्हणजे इथल्या बोलीत नुसती भुरभुर.

आम्ही अर्ध्या तासात भिजून परत आलो. तो त्याच्या शेडमध्ये चहा घेऊन उभाच होता. मी म्हटलं, "काय हो, ग्रँड म्हणालात ना?"

"तळ्यासाठी म्हणालो," तो म्हणाला.

* * *

आता मागच्या ऑक्टोबरचं. हे मी जेवणावळीत सांगत नाही. सुधीरने आता सांग म्हटलंय, म्हणून सांगतो.

पाइकचे दात दोरा सहज कापतात, म्हणून गळाच्या आधी तारेचा एक तुकडा लावावा लागतो. त्याची क्लिप शर्टाच्या बटणाहून लहान. हे काम नेहमी सुधीरचं. मला ते कधी जमलं नाही आणि त्याने मला कधी करूही दिलं नाही. त्या दिवशी बोट मध्यावर आली, इंजिन बंद झालं, आणि त्याने ती तार माझ्या हातात दिली. "तू लाव."

"मी? बरा आहेस ना?"

"नाही," तो म्हणाला.

मी उठलोच. तो म्हणाला, "बस आधी. बोटीत उभं राहू नये, किती वर्षं सांगतोय."

मग त्याने सांगितलं. गणपतीत आरती धरली तेव्हा उजव्या हातातलं तबक थरथरलं. त्याला वाटलं, उपास. नंतर ऑफिसात कीबोर्डवर तसंच. गुपचूप डॉक्टरकडे गेला, तपासण्या झाल्या. पार्किन्सन्स. अगदी सुरुवात आहे, गोळ्या आहेत, बरीच वर्षं नीट जातात, सगळं डॉक्टरने समजावलं होतं. ते सगळं त्याने मला क्वालिटी रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं. मी त्याच्या हाताकडे बघायचं नाही म्हणून बदकांकडे बघत बसलो.

"वहिनी काय म्हणाल्या?"

"तिला माहीत नाही."

मंजिरीवहिनींचे वडील त्याआधीच्या हिवाळ्यात गेले होते. लांबलेलं आजारपण. वहिनी सारख्या इथून पुण्याला आणि पुण्याहून इथे. "ती आत्ता कुठे हसायला लागलीये, मिल्या," सुधीर म्हणाला. "आता मी तिला परत आजारपणात कसा ढकलू? शब्दच सापडत नाहीत. रोज ठरवतो, आणि रोज जेवून झोपतो."

मला त्याचा राग आला आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. छोट्या बोटीत दोन्ही करता येत नाही. मी ती क्लिप लावत बसलो. बराच वेळ लागला.

* * *

पण माणूस तो माणूसच. थोड्या वेळाने त्याने गळ टाकला, बांगड्याचा नाही, नुसता चमकणारा पत्र्याचा मासा. हात थरथरला की पाण्यात तो पत्रा थरथरायचा. आणि पाइक! एकामागून एक. मी माझ्या स्थिर हाताने दिवसभर एक काटकी पकडली.

दुपारी डेक्लन त्याच्या बोटीतून जवळून गेला. जरा थांबून बघत राहिला. मग सुधीरकडे बोट करून मला म्हणाला, "युअर मॅनचा हात बघ. जखमी मासा अगदी असाच हलतो. मला चाळीस वर्षांत नाही जमलं."

त्याला काही ठाऊक नव्हतं. मी सुधीरकडे बघितलं. सुधीर इतका हसला की बोट डुलायला लागली. म्हणाला, "सांग त्याला, फार मेहनतीने कमावलंय."

* * *

बोटीतच डबा खाऊन झाल्यावर सुधीर म्हणाला, "आज घरी गेल्यावर सांगतोच. पण आधी इथे प्रॅक्टिस करू. तू मंजिरी हो."

"मी?"

"मग काय बदकाला करू?"

मी मफलर डोक्यावरून घेतला. वहिनींनी आयुष्यात कधी डोक्यावर पदर घेतलेला नाही, पण माझ्याकडे दुसरा काही मेकअप नव्हता.

सुधीरने घसा साफ केला. "मंजिरी, घाबरू नकोस."

"अशी सुरुवात केल्यावर कोण घाबरणार नाही?"

"बरं. मंजिरी, माझ्या हाताला जरा..."

"अगं बाई, काय केलंत हाताला?"

"ती मला अहोजाहो करत नाही, गाढवा."

"मग काय म्हणेल ती?"

पाणी बोटीला चापट्या मारत होतं. "काहीच म्हणणार नाही," तो म्हणाला. "उठून ओटा पुसायला लागेल. मला त्याचीच भीती वाटते."

मग त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मंजिरी, मला पार्किन्सन्स झालाय."

आता माझी पाळी होती. मी वहिनी होतो. पण डोक्यावरून घसरणारा तो मूर्ख मफलर मी आधी सारखा केला. कसंबसं म्हटलं, "बरं. मग? मी आहे ना." ते वहिनींच्या वतीने म्हटलं की माझ्या, मला खरंच माहीत नाही.

आणि तेवढ्यात त्याच्या गळाची काठी वाकली! रीळ किंचाळायला लागलं. सुधीरने तिकडे बघितलंसुद्धा नाही. "थांब रे," तो माशाला म्हणाला, "मी बायकोशी बोलतोय ना!"

त्या दिवसातला सगळ्यात मोठा पाइक होता तो. दोघांनी मिळून आणला. तोंडातला गळ पक्कडीने मला काढायला लागला. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत काढला, सुधीर म्हणाला, डोळे उघड, माझं बोट धरलंयस. मग त्याने पाइकला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवलं. दमलेला मासा असा धरावा लागतो, त्याला ताकद आली की तो आपला आपण जातो. सुधीर बोटीच्या काठावर ओणवा होऊन बराच वेळ तसाच राहिला. पाण्याखाली त्याचे हात दिसत नव्हते. मासा गेल्यावरही त्याने ते लगेच बाहेर काढले नाहीत.

* * *

परतताना गाडी मी चालवली. ओंगार येईपर्यंत त्याची तालीम चालूच. एकदा इंग्लिशमध्ये करून बघितली, ती फारच वाईट झाली. घरासमोर गाडी थांबवली तर तो उतरेना. "तू पण चल आत. चहा घे आणि जा. चहा होईपर्यंत मी बोलून टाकतो."

"मी कशाला मध्ये?"

"चल रे."

आत गेलो. वहिनींनी दार उघडलं, आमच्या बुटांकडे बघून नाक मुरडलं, "भाऊजी, ते चिखलाचे बाहेरच ठेवा," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. आल्याचा वास सुटला. चहा उकळला, गाळून झाला, तरी सुधीरची सुरुवात होईना. मी टेबलाखालून त्याला पाय मारला.

"मंजिरी," तो म्हणाला, "मला तुला काहीतरी सांगायचंय."

"सांग की. आधी चहा घ्या दोघं."

त्यांनी ट्रे ठेवला. माझा कप नेहमीचा, काठापर्यंत भरलेला, उचलताना मी बशीत सांडलाच. सुधीरच्या पुढे त्यांनी एक मोठा, जाड कानाचा मग ठेवला. तो अर्धाच भरलेला होता.

सुधीरने मगात बघितलं. मग माझ्या कपात बघितलं. मग परत मगात.

"अर्धाच?" तो म्हणाला.

"अर्धाच देते मी तुला. उन्हाळ्यापासून."

"मला वाटलं, तू माझी साखर कमी करतेयस."

"वाटू दे म्हटलं," वहिनी म्हणाल्या आणि खुर्ची ओढून त्याच्या उजव्या बाजूला बसल्या. "पी आता. संपला की परत देते."